समुद्र डाव्या हाताला

नवराबायकोनं एकाच मोटारीतून लांबचा प्रवास करू नये, असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही. याचं कारण एवढंच, की शास्त्रं लिहिली गेली तेव्हा मोटारी नव्हत्या. रथ होते, पण रथाला सारथी असायचा आणि रस्ता चुकला तर खापर त्याच्यावर फोडता यायचं. रथाच्या कामी बायकोची प्रत्यक्ष मदत घेतल्याचं एकच ठळक उदाहरण आपल्याकडे आहे, दशरथ आणि कैकेयीचं. तिनं चाकाला हात दिला आणि त्या हाताचं बिल साऱ्या अयोध्येनं चौदा वर्षं फेडलं. तेव्हापासून नवरे बायकोला शेजारी बसवतात, पण गाडीच्या बाबतीत तिचं ऐकत नाहीत.

आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून मुलानं आम्हाला मॉरिशसची तिकिटं काढून दिली. मॉरिशस म्हणजे मधुचंद्राला जायचं ठिकाण. आमचा मधुचंद्र महाबळेश्वरला झाला होता आणि त्याला सासूबाई, दोन नणंदा आणि पुण्याच्या आत्याबाई अशा चौघी सोबत होत्या. त्यानंतरची पस्तीस वर्षं कोणी ना कोणी बरोबर होतंच. तेव्हा आठ दिवस फक्त दोघांनी राहायचं या कल्पनेनं मला आनंदापेक्षा थोडी काळजीच वाटली. बोलायचं काय? घरात निदान दूधवाला येतो, पेपरवाला बिल आणतो, विषय निघत राहतात.

यांना असली काळजी नव्हती. यांच्यापाशी फाइल होती. तेहेतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस फाइलशिवाय अंघोळीलासुद्धा जात नाही. पासपोर्टच्या तीन प्रती, विम्याचे कागद, आंतरराष्ट्रीय लायसन्स, हॉटेलच्या पावत्या आणि शेवटी सहा कोरे कागद. 'असू द्यावेत' म्हणून. हे सहा कोरे कागद मी विमानात स्वतः मोजले आहेत. ते पुढे उपयोगी पडणार आहेत म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

हॉटेलची पावती शोधताना त्या फाइलच्या मागच्या कप्प्यात मला आणखी एक कागद दिसला. गावच्या घराचं संमतिपत्र. राजापूर तालुक्यात आमचं एक घर आहे. म्हणजे भिंती आहेत, कौलं आहेत, आणि वटवाघळं आहेत. माझ्या दोन्ही दिरांनी विक्रीला संमती देऊन सह्या केल्या होत्या. यांची सही व्हायची होती. 'वाचून सही करतो' असं म्हणून त्यांनी तो कागद तीन महिने ठेवून घेतला होता. एक पानाचा कागद. बँकेत असताना हा माणूस चाळीस पानी करार जेवणाच्या सुट्टीआधी वाचून संपवायचा.

माझं मत विचाराल तर ते कुणी विचारलं नव्हतं. पण तीस मे महिने मी ते घर झाडलेलं आहे. पोहऱ्यानं पाणी ओढलं आहे, कौलांतून पडलेला विंचू चपलेनं मारला आहे. घर विकायचं म्हटल्यावर माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही, हे खरं आहे. मी कागद होता तसा ठेवला आणि पावती काढून घेतली.

माएबूर नावाच्या गावी आम्ही गाडी भाड्यानं घेतली. कुणाकडून ते सांगत नाही. गाडी देणाऱ्या मुलानं किल्ली हातात ठेवून इंग्रजीत सांगितलं, "काका, रस्ता विचारायची गरजच नाही. समुद्र डाव्या हाताला ठेवा. बेट आहे. चुकाल कसे?"

हे मात्र अगदी खरं होतं. माएबूर आग्नेय कोपऱ्यात आहे. तिथून पश्चिमेकडे निघालं की दक्षिण किनारा डावीकडे, आणि ल मॉर्नच्या डोंगराला वळसा घालून उत्तरेकडे वळलं की पश्चिम किनाराही डावीकडेच. फ्लिक आं फ्लाकपर्यंत सगळं मिळून शंभरेक किलोमीटर. शिवाय तिथे गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं चालतात. म्हणजे चालक उजवीकडे आणि शेजारी बसणारी डावीकडे, समुद्राच्या अगदी कडेला. पस्तीस वर्षांत मला मिळालेली ही पहिली खिडकीची जागा. यांना समुद्र दिसत होता तो माझ्या अंबाड्यावरून.

गाडीत तिसरी एक बाई होती. ती यांच्या फोनमध्ये राहते. 'दोनशे मीटरवर उजवीकडे वळा,' असं ती म्हणाली की हे मुकाट्यानं वळतात. 'का?' नाही, 'तुला काय माहीत?' नाही, 'मी इकडून पूर्वी गेलोय' नाही. तिचा उच्चार चुकला तरी हे हसत नाहीत. आणि वळण चुकलं तरी ती रागावत नाही, नव्यानं रस्ता शोधते. तिचा हा गुण घेण्यासारखा आहे हे मला कळतं, पण तिला यांच्याबरोबर फक्त रस्त्यापुरताच संसार करायचा असतो.

उच्चारांची मात्र गंमतच होती. पाट्यांवर लिहिलेल्या अक्षरांपैकी निम्मी बोलायचीच नसतात. हे 'सौलॅक, सौलॅक' करत होते ते गाव सुयाक निघालं. देश इंग्रजांचा होता, मग गावं फ्रेंच का, हा प्रश्न यांना रस्ताभर छळत होता. खरं म्हणजे त्यात काही अवघड नाही. डच इथे १५९८ साली आले, त्यांनी आपल्या राजपुत्राचं नाव बेटाला दिलं, ऊस लावला, डोडो नावाचा बिचारा न उडणारा पक्षी त्यांच्याच काळात नाहीसा होत गेला, आणि ते निघून गेले. मग फ्रेंच आले. १८१० साली याच माएबूरच्या खाडीत फ्रेंचांनी इंग्रजांना आरमारी लढाईत हरवलं. तिचं नाव पॅरिसच्या विजयकमानीवर कोरलेलं आहे. आणि त्याच वर्षी डिसेंबरात इंग्रजांनी अख्खं बेट घेतलं! पण घेताना करार केला, की भाषा, धर्म, कायदे, रीतिरिवाज तुमचे तुम्ही चालू ठेवा. थोडक्यात, सुनेनं घर ताब्यात घेतलं, पण फडताळाच्या किल्ल्या सासूच्याच कमरेला राहू दिल्या. मी हे यांना समजावून सांगितलं. यांनी नुसतं "हं" केलं. उदाहरण घरातलंच होतं.

रस्ता दोन्ही बाजूंनी उसाचा. नोव्हेंबरचा महिना, तोडणीचा हंगाम संपत आलेला. मध्येच रान मोकळं झालं की काळ्या दगडांचे उंच ढीग दिसत, पायऱ्यापायऱ्यांचे, एखाद्या बसक्या देवळासारखे. ज्वालामुखीचं बेट; जमिनीत दगडच दगड. ते वेचून, हातांनी उचलून, रचून ठेवल्याशिवाय ऊस लावता येत नसे. ते कुणी वेचले हे विचारायला नको. १८३४ पासून पुढे सुमारे साडेचार लाख माणसं हिंदुस्थानातून करारावर इथे आणली गेली. कलकत्त्याहून, मद्रासहून आणि मुंबईहूनसुद्धा. त्यांतली बरीचशी परत गेली नाहीत.

मधूनच गुलमोहर फुललेला दिसे. मला आपल्या दारचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. खरं तर तो मूळचा शेजारच्या मादागास्करचा. आपल्याकडे तोच पाहुणा. समुद्राकाठी सुरूची झाडं होती, तीही आपल्या किनाऱ्यावर असतात तशीच. वाळू, सुरू, नारळ, मधूनच एखादं पत्र्याचं घर आणि दारात वाळत घातलेले कपडे. "अगदी आपल्याकडच्यासारखं आहे, नाही?" मी म्हटलं. यावर हे काही बोलले नाहीत. गियर बदलला.

सुयाकच्या पुढे ग्री ग्री म्हणून जागा आहे. बाकी बेटाभोवती प्रवाळाची भिंत असल्यामुळे किनाऱ्यालगतचं पाणी बशीतल्या चहासारखं शांत असतं. ग्री ग्रीला ती भिंत नाही. तिथे समुद्र सरळ येऊन कड्यावर डोकं आपटतो. जवळच एक रडणारा खडक आहे; लाट फुटली की त्याच्या अंगावरून पाणी ओघळत राहतं. आम्ही दोघं तिथे बराच वेळ उभे होतो. वाऱ्यात बोललेलं ऐकू येत नव्हतं, त्यामुळे बोलायचं काय हा प्रश्न आपोआप सुटला.

तिथून निघण्यापूर्वी आम्ही दालपुरी खाल्ली. डाळ वाटून, जिरं घालून, पोळीत भरलेली आणि वर घेवड्याची उसळ नि टोमॅटोची चटणी. म्हणजे गूळ घालायला विसरलेली पुरणपोळीच. ती एकेक मागायची पद्धत नाही, जोडीनंच घेतात. हे म्हणाले, "मला एकच पुरे." विकणाऱ्यानं कागदात दोन गुंडाळून दिल्या. मला हा नियम फार आवडला.

बे द्यू काप नावाच्या गावी रस्ता एका काळ्या खडकाला बिलगून वळतो, तेव्हा डावं चाक समुद्रात जातंय की काय असं वाटतं. तिथे मॅथ्यू फ्लिंडर्सचं स्मारक आहे. हा इंग्रज दर्यावर्दी ऑस्ट्रेलियाचा नकाशा काढून परत चालला होता. गलबत गळायला लागलं म्हणून डिसेंबर १८०३ मध्ये दुरुस्तीसाठी तो या किनाऱ्याला लागला. बेट तेव्हा फ्रेंचांचं, आणि युद्ध पेटलेलं. त्याच्याजवळ फ्रेंचांचा परवाना होता, पण तो 'इन्व्हेस्टिगेटर' या जहाजाच्या नावाचा. आणि स्वारी आली होती 'कंबरलँड' या दुसऱ्याच गलबतातून. फ्रेंच गव्हर्नरनं हेर समजून त्याला सहा वर्षांवर अडकवून ठेवलं.

ही हकिगत कळल्यावर यांचा चेहरा उजळला. "बघ! कागदपत्रं जुळली नाहीत की हे असं होतं. लोक मला हसतात."

"लग्न होऊन तीनच महिने झाले होते त्याचं, निघाला तेव्हा," मी म्हटलं. "बायको तिकडे इंग्लंडात. नऊ वर्षांनी भेट झाली त्यांची."

"नऊ?"

"१८०१ ते १८१०. करा हिशोब."

यांनी खरंच हिशोब केला. मग फाइल मागच्या सीटवरून उचलून माझ्या मांडीवर ठेवली. "तुझ्यापाशी राहू दे," म्हणाले. बँकेतल्या माणसाच्या प्रेमाच्या रीती वेगळ्या असतात.

ल मॉर्नचा डोंगर दुरूनच दिसायला लागतो. समुद्रातून एकदम उभा राहिलेला, साडेपाचशे मीटर उंच, कातळाचा. मालकांकडून पळालेले गुलाम तिथे लपून राहत. गुलामी उठल्याची बातमी सांगायला शिपाई वर चढले, तेव्हा आपल्याला धरायलाच आले असं समजून काही जणांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी कथा तिथे सांगतात. २००८ पासून हा डोंगर जागतिक वारशांत आहे. खाली निळं, हिरवं, पांढरं पाणी इतकं सुंदर, की वर बघायला नको वाटतं. आम्ही वर बघितलं आणि पुढे निघालो.

पुढे उजवीकडे शामारेलचा फाटा लागतो. तिथे सात रंगांची माती दाखवतात. हे म्हणाले, उजवीकडे वळलं तर समुद्र पाठीमागे जाईल. शिवाय माती बघायला तिकीट. लाल माती आपल्याकडे फुकट आहे. 'आपल्याकडे' हा शब्द यांच्या तोंडून दिवसभरात प्रथमच आला, आणि लगेच गाडीचं डावं चाक बसलं.

डिकी उघडली. जादा चाक होतं, पण त्यातही हवा नव्हती. गाडीवाल्याला फोन केला, तर तिकडून नुसतं संगीत ऐकू आलं. फोनमधली बाई 'पाचशे मीटर सरळ जा' असा धोशा लावून होती. कैकेयीसारखा चाकाला हात द्यायची माझी तयारी नव्हती. एक छोटं दुकान समोर दिसलं, तिकडे मी निघाले. अशा दुकानाला तिथे 'लाबुतिक' म्हणतात. आपल्याकडे बुटीक म्हणजे दोन हजारांचा कुडता आठ हजारांना मिळायची जागा; तिथे बुतिक म्हणजे तांदूळ, साबण, मेणबत्त्या आणि खारे शेंगदाणे.

गल्ल्यावर माझ्याच वयाच्या एक बाई होत्या. त्यांनी माझ्या मंगळसूत्राकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि स्वच्छ मराठीत विचारलं, "आपण महाराष्ट्रातून आलात काय?"

मी म्हटलं, "हो! आमची कार पंक्चर झालीय. इथे गॅरेज आहे का?"

"आपली गाडी आपण कोठे उभी केली आहे?"

आमच्या संभाषणात मराठी अशी फक्त त्यांच्या बाजूनं होती. मुंबईहून आलेल्यांतली बरीच मराठी माणसं या ब्लॅक रिव्हर भागात राहिली. रोजची भाषा क्रिओल. मराठी शाळेत आणि देवळात शिकलेली. त्यामुळे ती पाठ्यपुस्तकासारखी, परीटघडीची. गणेशचतुर्थीला साऱ्या देशाला सार्वजनिक सुट्टी असते हे सांगताना त्यांचा आवाज असा होता, की जणू सुट्टी त्यांनीच मंजूर केली होती. त्यांनी मुलाला फोन केला, तो चाकाच्या मागे लागला, आणि आम्ही दोघं दुकानात चहाला बसलो.

तेव्हा त्यांनी आतून एक कागद आणला. कराराच्या मजुरांची जुनी दप्तरं मोका गावच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेली आहेत. तिथून त्यांनी आपल्या पणजोबांच्या वडिलांच्या नोंदीची नक्कल मिळवली होती. नंबर, जहाज, वय, उंची, जिल्हा, गाव. इंग्रज कारकुनानं कानाला लागलं तसं लिहिलेलं. जिल्हा 'रुटनाघेरी'. गावाच्या जागी शाईचा डाग, आणि डागातून बाहेर आलेलं शेपूट तेवढं वाचता येत होतं, 'ओली'.

"आपण हे वाचू शकाल काय?"

यांनी चष्मा पुसला. तेहेतीस वर्षं या माणसानं डॉक्टरांच्या आणि पुढाऱ्यांच्या सह्या ताडून बघितल्या आहेत. कागद उजेडात धरला, आडवा केला, मागून बघितला. "ओली म्हणजे वली," म्हणाले. "आंबवली असेल. कोतवली असेल. वेरवली, कणकवली... कणकवलीसुद्धा तेव्हा रत्नागिरीतच. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला." मग जरा थांबून हळूच म्हणाले, "वहिनी, आमच्याकडे अर्धी गावं वलीच आहेत हो."

बाईंनी चारही नावं एकेक करून म्हणून बघितली, दुकानात नवं माप घालून बघावं तशी. मग विचारलं, "आपलं गाव कोणतं?"

यांनी सांगितलं.

"तेथे आपलं घर आहे?"

"आहे."

"कोण राहतं?"

"कोणी नाही. बंद असतं."

"परंतु आहे," बाई म्हणाल्या. प्रश्न नव्हता तो. त्या चहाचे कप उचलून आत गेल्या.

बाहेर आल्यावर म्हणाल्या, "ती चार नावं कृपा करून मला लिहून द्याल?"

यांनी माझ्या मांडीवरची फाइल घेतली. उघडली. सहा कोरे कागद समोर होते, मी ते बघत होते. यांनी ते ओलांडले, मागच्या कप्प्यात हात घातला, संमतिपत्र काढलं, पालथं केलं, आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर ठळक देवनागरीत चार गावं लिहिली. आंबवली, कोतवली, वेरवली, कणकवली. खाली आमच्या गावाचं नाव लिहिलं, आणि पुढे, 'आलात तर या'. त्याखाली सही केली. तीन महिने अडलेली सही त्या कागदावर झाली ती अशी, मागच्या बाजूला.

बाईंनी कागद नीट घडी घालून गणपतीच्या तसबिरीमागे ठेवला. आता ज्या बाईंना आपलं गाव कुठलं ते ठाऊक नाही, त्यांच्या दुकानात एका कोकणातल्या घराचा सर्व्हे नंबर आहे आणि चतुःसीमासुद्धा: पूर्वेस वहाळ, उत्तरेस देवस्थानची जमीन, दक्षिणेस पायवाट, पश्चिमेस समुद्र.

चाक झालं. मुलानं पैसे घेतले नाहीत. गाडी निघाली, समुद्र पुन्हा माझ्या खिडकीत आला, सूर्य कलता होता. "कोरे कागद होते की फाइलमध्ये," मी म्हटलं.

"होते का?" हे म्हणाले, रस्त्यावरून नजर न काढता.

पुढे फ्लिक आं फ्लाकपर्यंत आम्ही जे बोलत होतो ते थांबलोच नाही. कौलं बदलायला किती येईल, विहिरीवर पंप बसवायचा की नाही, वटवाघळांचं काय करायचं. माझं म्हणणं स्पष्ट होतं: पंप बसणार नसेल तर मी येणार नाही. पोहरा आता यांनी ओढावा. त्यावर चांगला अर्धा तास वाद झाला. फोनमधली बाई मध्ये दोनदा बोलली, पण तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

परत आल्यावर धाकट्या दिरांचा फोन आला, कागदाचं काय झालं? "कागद मॉरिशसला आहे," यांनी सांगितलं. त्यांना वाटतं, दादा थट्टा करतो आहे. दुसरा कागद तयार करायला काही चार महिने लागत नाहीत, हे मलाही कळतं आणि यांनाही. तो आला की काय होईल ते होईल. तूर्त मे महिना जवळ आला आहे. पंपवाला येऊन विहीर बघून गेला आहे आणि मी दोन खराटे घेऊन ठेवले आहेत. एक माझ्यासाठी.